आधी क्रँकचा मध्य, मग बाकी सगळं

स्पोर्ट्स कारमध्ये दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवताना लागणारे भाग स्वतः किंवा ओळखीच्या वर्कशॉपमधून बनवून घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. तयार किट मिळत असेल तर तेच घ्यावं, हे आमचं मत कायम आहे. तरीही बनवायचंच असेल, तर आलेल्या पत्रांवरून एक गोष्ट ठळक दिसते: इंजिन नेमकं कुठे बसणार हे ठरायच्या आधीच अनेकांनी वेल्डिंग सुरू केलेलं असतं.

प्रश्न : माझ्याकडे १९९४ची माझदा एमएक्स-५, १.८ आहे. तिचा पाच गिअरचा बॉक्स तसाच ठेवून होंडाचं के२४ए२ इंजिन बसवायचं आहे. भावाची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी ॲडॉप्टर प्लेट त्याच्याकडून करून घेईन. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला पातळ पत्रा स्कॅनरवर ठेवून ड्रॉइंग काढलं तर चालेल का? प्लेटची जाडी किती ठेवावी? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : इंजिनाची निवड योग्य आहे. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं उलट दिशेने फिरतात. के मालिका इतर बहुतेक गाड्यांसारखी, पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. मागच्या चाकांच्या गिअरबॉक्सला ती जोडता येते ती त्यामुळेच.

पत्रा स्कॅन करून मात्र चालणार नाही. तो धूळ अडवण्यासाठी असतो, जागा धरण्यासाठी नाही. त्याची भोकं बोल्टपेक्षा अर्धा-अर्धा मिमी मोठी असतात आणि कागदाच्या स्कॅनरची लांबी-रुंदी दोन्ही दिशांना सारखी खरी नसते. अशा ड्रॉइंगवरून केलेली प्लेट बोल्टला छान बसते, म्हणूनच ती फसवते. गिअरबॉक्सची जागा बोल्ट धरत नाहीत, दोन डॉवेल, म्हणजे नेमक्या मापाच्या पिना, धरतात. तुम्हाला हवे आहेत ते चार डॉवेलचे मध्य, दोन इंजिनकडचे आणि दोन गिअरबॉक्सकडचे, आणि ते आपापल्या फिरत्या शाफ्टच्या मध्यापासून मोजलेले.

ब्लॉक कोल्हापूरला धाडायची गरज नाही. तुमच्याकडेच सीएमएम (बिंदूंचं अचूक माप घेणारं यंत्र) असलेल्या वर्कशॉपमध्ये मोकळा ब्लॉक न्या. शून्य बिंदू म्हणजे क्रँक जिच्यात फिरते त्या मेन बेअरिंगच्या बोअरचा मध्य. तिथून डॉवेलचे एक्स आणि वाय घ्या. क्रँक बसवलेली ठेवून तिच्या फ्लँजवरून मोजलं, तर बेअरिंगमध्ये ती जितकी हलते तितकी चूक आकड्यात शिरते. गिअरबॉक्सचंही तसंच: एमएक्स-५ची बेल हौसिंग, म्हणजे क्लच झाकणारा घंटेसारखा भाग, केसचाच भाग आहे, त्यामुळे गिअर काढून रिकामी केस न्यावी लागेल आणि शून्य बिंदू इनपुट शाफ्टच्या बेअरिंगच्या बोअरचा. हे आकडे ०.०२ मिमीपर्यंत खरे हवेत. भावाला आकडे पाठवा, चित्र नको.

जाडी मनाने ठरवायची नसते, ती बेरीज-वजाबाकीतून निघते. ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून क्रँकच्या फ्लँजपर्यंतचं अंतर, फ्लायव्हीलची जाडी, दाबलेल्या क्लच प्लेटची जाडी, गिअरबॉक्सच्या तोंडापासून इनपुट शाफ्टच्या टोकापर्यंतचं अंतर, स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) कुठे सुरू होते आणि कुठे संपते, पायलट बेअरिंग (क्रँकच्या मागे शाफ्टचं टोक धरणारं) किती खोल आहे, हे सगळं मांडा. मग तीन अटी पाहा. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगच्या पूर्ण रुंदीत बसलं पाहिजे. टोकापुढे क्रँकमध्ये किमान ३ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. नाहीतर बोल्ट आवळताना शाफ्ट क्रँकला ढकलते आणि थ्रस्ट बेअरिंग थोड्याच दिवसांत जातं. क्लच प्लेटचा हब पूर्ण लांबीने स्प्लाइनवर हवा, नवीन असतानाही आणि झिजल्यावरही. तिन्ही अटी साधारण १५ ते २० मिमीच्या प्लेटमध्ये जमवता येतात. उरलेला फरक फ्लायव्हीलच्या ऑफसेटमधून काढायचा. १५ मिमीच्या खाली जाऊ नका. ॲल्युमिनियममध्ये एम१० बोल्टला १५ मिमी तरी आटे लागतात, एवढ्या पातळ प्लेटमध्ये ते मिळत नाहीत.

एमएक्स-५च्या बाबतीत आणखी एक गोम आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब तुळई, म्हणजे पीपीएफ, गिअरबॉक्सची जागा पक्की करते. त्यामुळे प्लेट जितके मिमी जाड, तितके मिमी इंजिन पुढे सरकतं, स्टिअरिंग रॅककडे आणि रेडिएटरकडे. जाडी वाढवण्याआधी पुढे किती जागा आहे ते मोजा.

भावासाठी सूचना. ६०६१-टी६ किंवा बाजारात एचई-३० नावाने मिळणारी प्लेट घ्यावी. लाटलेली प्लेट सपाट दिसते, नसते. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी ठेवून आधी रफ काम करा, क्लॅम्प सोडा, प्लेटला तिचा ताण सोडू द्या आणि मगच फिनिश कट घ्या. व्हाइसमध्ये आवळून एकदाच पूर्ण केलेली प्लेट सोडल्याबरोबर धनुष्यासारखी होते. सपाटपणा आणि दोन्ही तोंडांची समांतरता ०.०५ मिमीच्या आत हवी. डॉवेलची चारही भोकं एकाच सेटिंगमध्ये, एकाच शून्यावरून, आधी बोअर करून मग एच७ (नेमक्या मापाचा) रीमर फिरवून. नुसतं ड्रिल आणि रीमर केलं तर ड्रिल जिकडे भरकटेल तिकडेच रीमर जाईल. बोल्टची भोकं मात्र अर्धा मिमी सैल ठेवा, म्हणजे ती डॉवेलशी भांडणार नाहीत.

प्लेट हाती आली की रिकाम्या केससह जोडून तपासा. फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड लावून डायल गेजचं टोक इनपुट बेअरिंगच्या बोअरवर टेकवा, स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने एक फेरा फिरवा. डायलवरचा एकूण फरक ०.१२ मिमीच्या आत हवा. लक्षात ठेवा, डायल दुप्पट दाखवतो: ०.३० दिसलं तर मध्य ०.१५ सरकलेला आहे. थोडी चूक असेल तर ऑफसेट डॉवेलने भरून काढता येते. हे न करता गाडी चालवली तर आधी क्लच सोडताना थरथर येते, मग पायलट बेअरिंग ओरडतं, क्लच प्लेटचा हब तडकतो आणि शेवटी गिअर आपोआप निसटू लागतो. तेव्हा सगळे गिअरबॉक्सला दोष देतात.

फ्लायव्हील वेगळं बनवावं लागेल, होंडाच्या क्रँकवर बसणारं आणि माझदाची क्लच घेणारं. ते फोर्ज केलेल्या ईएन२४ पोलादातून करा. बिडाचं फ्लायव्हील लेथवर कोरून पातळ करणं सोपं आहे, पण ८,००० आरपीएमला ते फुटलं तर बेल हौसिंग त्याला अडवू शकत नाही, आणि तिच्या मागेच तुमचे पाय असतात.

प्रश्न : हातात धरायचा थ्रीडी स्कॅनर भाड्याने मिळतो. त्याने सगळं मोजता येईल ना? (पुणे)

उत्तर : जागेचा अंदाज घ्यायला उत्तम. इंजिन बेचा स्कॅन आणि इंजिनाचा स्कॅन संगणकावर एकमेकांत सरकवून कुठे काय लागतं ते दोन तासांत कळतं. डॉवेलचे मध्य मात्र त्याच्यावर सोपवू नका. स्कॅन लांब होत जातो तशी चूक साठत जाते, आणि इथे हिशेब मिमीच्या शंभराव्या भागाचा आहे. बनवण्याआधी ३ मिमीच्या एमडीएफमधून प्लेट लेझर कटिंग करून एकदा लावून पाहा. बोल्ट विसरला गेलाय, स्टार्टरचं नाक अडतंय, अशा ठळक चुका त्या स्वस्त लाकडावर दिसून जातात.

प्रश्न : ट्रॅकसाठी केलेल्या एमएक्स-५मध्ये के२४ आहे. इंजिनाची फाउंडेशनं (इंजिन गाडीला धरणारे माउंट) ३ मिमी पत्र्याची, आत कडक पॉलियुरेथेन बुश. एकाच जागी, क्रॉस मेंबरच्या कानाला, पुन्हा पुन्हा तडा जातो. वेल्डिंग तीनदा करून झालं. (दुबई)

उत्तर : वेल्डिंगवर वेल्डिंग चढवलं की तडा फक्त शेजारी सरकतो. आधी भार किती येतो ते पाहू.

इंजिनाचा टॉर्क २३० न्यूटन-मीटर धरा. एमएक्स-५च्या पाच गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर ३.१३६ आहे, म्हणजे गिअरबॉक्समधून सुमारे ७२० न्यूटन-मीटर बाहेर पडतात. तितक्याच जोराने इंजिन उलट्या बाजूला कलंडायला बघतं. दोन फाउंडेशनांमध्ये ५०० मिमी अंतर असेल तर एक बाजू १,४४० न्यूटनने, म्हणजे जवळजवळ १४७ किलोने वर खेचली जाते आणि दुसरी तितक्याच जोराने खाली दाबली जाते. क्लच झटक्याने सोडली की याच्या तिप्पट. गाडी सुरू होण्याच्या प्रत्येक वेळी एका कानावर चारशे किलोचा हिसका बसतो. ३ मिमी पत्रा तो एकदा सहज सोसेल, हजारदा नाही.

आता मांडणी. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सला स्वतःचं फाउंडेशन असतं. एमएक्स-५मध्ये नसतं. पुढे इंजिनाची दोन, मागे डिफरन्शियलची दोन, आणि मधलं सगळं पीपीएफवर तरंगतं. तुम्ही पुढे कडक बुश घातले आणि मागे मूळचं मऊ रबर ठेवलं असेल, तर मागची बाजू हलते, पुढची हलू देत नाही आणि तो सगळा पीळ तुमच्या कानात जिरतो. दोन्हीकडचा कडकपणा जवळपास सारखा करा. रस्त्यावरच्या गाडीला ७० ते ८० शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप), फक्त ट्रॅकच्या गाडीला ९५पर्यंत.

कान नव्याने करा. ६ मिमी मऊ पोलादी प्लेट, मागे त्रिकोणी गसेट, आणि क्रॉस मेंबरच्या पातळ पत्र्यावर कान थेट न लावता आधी ४ मिमीची पसरट प्लेट लावून तिच्यावर. त्या प्लेटचे कोपरे गोल करा आणि वेल्ड कोपऱ्याच्या टोकावर थांबवू नका, वळवून घ्या; तडा नेहमी वेल्ड जिथे अचानक थांबतो तिथूनच सुरू होतो. बोल्ट दोन कानांच्या मधून जाऊ द्या, एका कानातून लोंबता नको.

एक गोष्ट बहुधा राहून गेली असेल. जागेवर टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून, मग फाउंडेशन काढून टेबलावर पूर्ण वेल्ड केलं, की ते गार होताना २-३ मिमी ओढलं जातं. मग बसवताना पहारीने ढकलून बोल्ट घालावा लागतो आणि बुश पहिल्या दिवसापासून पिळलेला राहतो. टॅक मारल्यावर त्याच मापाच्या जिगवर बोल्टने पक्कं करून वेल्ड करा, पूर्ण गार झाल्यावरच सोडा. माप घेताना रबरी बुशऐवजी तेवढ्याच मापाचा पोलादी ठोकळा लावावा, कारण रबर वजनाने बसतं आणि माप बदलतं. इंजिनाच्या सर्वांत जवळच्या पोलादापासून चोहीकडे १२ ते १५ मिमी मोकळी जागा ठेवा.

प्रश्न : लेस्टरहूनच दुसरा प्रश्न. गाडी उजव्या हाताची आहे. अमेरिकेतल्या मंडळींनी केलेला हेडर (इंजिनापासून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपांचा जोड) माझ्या गाडीत बसत नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला लागतो. काय करावं?

उत्तर : होंडात हे इंजिन आडवं असतं: इनटेक रेडिएटरकडे, एक्झॉस्ट चालकाकडे. चेनची बाजू पुढे येईल असं ते उभं वळवलं की इनटेक डावीकडे जातो आणि एक्झॉस्ट उजवीकडे. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्यांचं निभावतं. तुमच्याकडे स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि तापलेला हेडर, तिघांनाही एकच कोपरा हवा असतो.

दांडा हलवण्याआधी हेडर बदला. चारही पाइप ब्लॉकला चिकटून आधी खाली, मग मागे वळवा. फायरिंग क्रम १-३-४-२ असल्याने १ व ४ एकत्र, २ व ३ एकत्र, आणि मग दोन्हींचा एक. हा ४-२-१ नमुना जागाही कमी घेतो. दांड्यापासून किमान २५ मिमी अंतर हवं, कारण इंजिन कलंडतं आणि पाइपही वाढतो. तरीही जमत नसेल तर दांड्यात आणखी एक जॉइंट घालून तो बाहेरच्या बाजूला वळवता येतो. तीन जॉइंट झाले की मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच, नाहीतर दांडा दोरीसारखा मध्येच लचकतो. जॉइंटचा कोन ३०-३५ अंशांपुढे नेऊ नका. स्टिअरिंगचा दांडा कापून वेल्ड करणं मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. स्प्लाइनचे किंवा डबल-डी आकाराचे तयार दांडे मिळतात, तेच वापरा.

मास्टर सिलिंडर आणि हेडर यांच्यामध्ये पत्र्याची ढाल लावा, पण पाइपला टेकवून नव्हे, १० ते १५ मिमी हवा सोडून. डॉट ४ ब्रेक ऑईल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, ओलावा ओढून घेतल्यावर हीच मर्यादा १५५पर्यंत उतरते. ढाल नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला पेडल जमिनीला टेकू शकतं.

अजून इंजिन विकत घेतलं नसेल तर एक खातरजमा: के२४ए२ला एक्झॉस्टची चार वेगळी तोंडं आहेत. के२४झेड३मध्ये ती हेडच्या आतच एकत्र येऊन एकच तोंड बाहेर पडतं. तिथे चार पाइपांचा हेडर बसणारच नाही.

प्रश्न : आमच्याकडे ट्रॅक कारचे हेडर बनतात. ३०४ स्टेनलेस, टिग वेल्डिंग, बाहेरून शिवण अगदी देखणी. तरी दोन-तीन महिन्यांत कलेक्टरजवळ, म्हणजे सगळे पाइप एकत्र येतात तिथे, तडा जातो. (भोसरी)

उत्तर : बाहेरची शिवण पाहू नका, आत बोट घालून पाहा. खरखरीत, काळी, साखरेच्या खड्यांसारखी पापडी लागली तर आतून आर्गन सोडलेला नव्हता. वितळलेल्या स्टेनलेसने मागच्या बाजूने हवेतला ऑक्सिजन घेतला, आणि तिथून तडा सुरू झाला. पाइपची दोन्ही तोंडं फॉइल टेपने बंद करा, एका बाजूने आर्गन सोडा, दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेवा, आणि आतली हवा बाहेर पडेपर्यंत थांबूनच चाप पेटवा.

आत स्वच्छ निघालं तर दोष बांधणीत आहे. ३०४ प्रत्येक अंशाला दर मीटरमागे ०.०१७३ मिमी वाढतं. ६०० मिमीचा पाइप ६०० अंशांनी तापला तर ६ मिमीहून जास्त लांबतो. एक टोक हेडला बोल्टने बांधलेलं, दुसरं गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटला वेल्ड केलेलं, मग हे ६ मिमी जाणार कुठे? कलेक्टर स्लिप जॉइंटने जोडा, स्प्रिंग लावा, पुढे फ्लेक्स घाला आणि ब्रॅकेट रबरावर लटकवा. चारही पाइपांची लांबी वेगळी असते, म्हणून ते वेगवेगळे वाढतात. त्यांना एकमेकांशी पट्टीने बांधून टाकलेलं असेल तर पट्टी काढा.

फ्लँज १० मिमीची ठेवा आणि २० मिमी पोलादी प्लेटला बोल्ट करूनच वेल्ड करा, एक तोंड सोडून दुसरं, मग उरलेली. तरी थोडी वाकेल. शेवटी सरफेस ग्राइंडरवर एकदा पुसून घ्या. फायलने सपाट करायच्या नादात कडा गोल होतात आणि गॅस्केट फुंकतं.

प्रश्न : १९९३ची माझदा आरएक्स-७ एफडी, तिच्यात जनरल मोटर्सचं एलएस३ इंजिन आणि टी५६ गिअरबॉक्स बसवतोय. ॲडॉप्टर लागत नाही, मग बनवायचं काय उरतं? (मेलबर्न)

उत्तर : ॲडॉप्टर वाचला, कारण टी५६ हा एलएसच्याच बेल हौसिंगवर बसतो. पण त्याच्या बदल्यात पीपीएफ गेला. एफडीमध्येही एमएक्स-५सारखीच तुळई आहे, ती टी५६ला जोडता येत नाही. ती काढली की डिफरन्शियलचं नाक धरायला काहीच उरत नाही. वेग घेताना चाकं पुढे फिरतात, तशी हौसिंग मागे फिरायला बघते आणि नाक वर उसळतं. म्हणून तुमचा पहिला भाग फाउंडेशन नव्हे, डिफरन्शियलचा ब्रेस.

भार काढू. इंजिनाच्या ५७५ न्यूटन-मीटरला २.६६ने आणि ४.१ने गुणलं तर ६,२०० न्यूटन-मीटरच्या वर जातं, पण टायर तेवढं धरू शकत नाहीत. जोरात निघताना मागच्या चाकांवर ८०० किलो, पकड १ आणि टायरची त्रिज्या ०.३१ मीटर धरली तर सुमारे २,४३० न्यूटन-मीटर. ब्रेस आणि मागचे माउंट यांत ४०० मिमी अंतर असेल तर ब्रेसवर सहाशे किलोहून जास्त भार येतो, आणि चाकं उड्या मारू लागली की दुप्पट. पोकळ चौरस नळी ४० बाय ४० बाय ३, एम१२चे १०.९ दर्जाचे बोल्ट, आणि जिथे गाडीचा तळ जेमतेम १ मिमीचा आहे तिथे दोन्ही बाजूंनी ३ मिमीच्या पसरट प्लेटा. पोकळ भागातून बोल्ट जात असेल तर आत क्रश ट्यूब वेल्ड करा. नाहीतर आवळताना पत्रा चिमटतो आणि आठवड्यात बोल्ट ढिला होतो.

प्रोपेलर शाफ्टचं माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या, लिफ्टवर लोंबकळताना नाही. २७ स्प्लाइनचा योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकला, मग २० ते २५ मिमी बाहेर ओढा, आणि तिथून मोजा. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा कोन समांतर हवा, फरक १ अंशाच्या आत. जॉइंटचा कोन १ ते ३ अंश. अगदी शून्य कोनही वाईट, कारण क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डा पाडतात. दोन्ही योक एकाच रेषेत वेल्ड झालेत हे डोळ्याने तपासा. बॅलन्सिंगवाला असमतोल काढून देतो, चुकीचा फेज नाही.

लांबीबद्दल एक सावधगिरी. ७६ मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा पोलादी शाफ्ट १.२ मीटर लांब असेल तर तो सुमारे ८,७०० फेऱ्यांना दोरीउडीसारखा घुमू लागतो. वापर त्याच्या पाऊण हिश्शापर्यंत, साडेसहा हजारांपर्यंतच धरावा. टी५६चा सहावा गिअर ०.५०चा आहे, म्हणजे इंजिन ३,२५० असताना शाफ्ट तिथे पोचलेला असतो. लांबी निम्मी केली की मर्यादा चौपट होते, त्यामुळे तुमच्या गाडीतला आखूड शाफ्ट बहुधा निर्धोक निघेल, पण आकडा मांडून पाहा. आणि व्हिक्टोरियात व्हीएएसएस या बदललेल्या गाड्या तपासण्याच्या योजनेतल्या मान्यताप्राप्त अभियंत्याला ब्रेसचं ड्रॉइंग वेल्डिंगच्या आधी दाखवा, नंतर नको.

प्रश्न : के२४चं ऑईल चेंबर कापून उथळ केलं. वळणात ऑईल प्रेशर शून्याकडे जातं. शिवाय वेल्डमधून घामासारखं ऑईल झिरपतं. (बंगळुरू)

उत्तर : के२४चा ब्लॉक के२०पेक्षा उंच आहे: डेकची उंची (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या तोंडापर्यंत) २३१.५ मिमी, के२०ची २१२. बोनेटखाली बसावं म्हणून साडेएकोणीस मिमी कुठून तरी काढायचे, म्हणून सगळे चेंबरवर करवत चालवतात. उंची गेली तर रुंदी वाढवा. दोन्ही बाजूंना पंख काढून एकूण ऑईल ५ लिटरच्या आसपास ठेवा.

१ जी वळणात ऑईलचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. २५० मिमी रुंद चेंबरात ऑईल एका भिंतीवर चढून बसतं आणि मधली नळी हवा ओढते. नळीभोवती चार भिंतींची पेटी करा, भिंतींना आतच उघडणारी झडपं लावा. ऑईल आत येईल, बाहेर जाणार नाही. झडपेची बिजागरी वर, आणि ती हाताने ढकलली की स्वतःच्या वजनाने मिटली पाहिजे. नळीचं तोंड तळापासून ६ ते १० मिमी वर. त्याहून जवळ असेल तर घसा आवळल्यासारखं होतं, दूर असेल तर ब्रेक मारताना हवा. तळ वेल्ड करण्याआधी नळीच्या तोंडाला प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवून चेंबर बसवा, काढा, आणि दबलेला गोळा मोजा. नळीला दुसरा ब्रॅकेट द्या. लांब केलेली नळी कंपनाने मुळाशी तुटते.

झिरपण्याची दोन कारणं. जुन्या ओतीव चेंबरच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑईल मुरलेलं असतं. ते चापाखाली उकळून वर येतं आणि वेल्डमध्ये बुडबुडे सोडतं. आधी डिग्रीझरने धुवा, १२० ते १५० अंशांवर तापवा, बाहेर आलेलं पुसा, पुन्हा तापवा, मग ग्राइंड करून वेल्ड करा. दुसरं कारण तारेचं. बरेच जण ताकदीसाठी ५३५६ची तार घेतात. तिच्यात मॅग्नेशियम ३ टक्क्यांहून जास्त असतं, आणि ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या भागात ती काही काळाने आतून चिरते. ऑईल १०० अंशांच्या पुढे जातं. इथे ६०६१चा पत्रा आणि ४०४३ची तार.

वेल्ड करताना चेंबर भंगारातल्या ब्लॉकला किंवा जाड पोलादी प्लेटला सगळ्या बोल्टांनी बांधलेलं हवं, आणि गार होईस्तोवर सोडू नये. तपासणी स्वस्त आहे: बाहेरून सगळ्या शिवणींना खडू फासा, आत रॉकेल किंवा डिझेल ओता, रात्रभर ठेवा. सकाळी खडू जिथे काळपट ओला दिसेल तिथे भोक.

चेंबर उघडलंच आहे तर पंपही पाहा. के२४ए२च्या ऑईल पंपाला बॅलन्स शाफ्ट जोडलेले असतात. साडेसात हजारांच्या वर फिरवायचं असेल तर के२०ए२चा पंप घालतात. तो आत बसवताना विंडेज ट्रे (क्रँक आणि ऑईल यांच्या मधला पत्रा) थोडी कापावी लागते, म्हणून चेंबरचं माप पंप बसवल्यानंतरच घ्या.

प्रश्न : हे सगळं करून गाडी आपल्याकडे रस्त्यावर चालवता येते का? (नाशिक)

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच विचारते. अशी गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यावी, तिथेच चालवावी आणि ट्रेलरवरच परत आणावी.

प्रश्न : आणि कॅलिफोर्नियात? माझी एमएक्स-५ १९९२ची आहे. (सॅन होजे)

उत्तर : तिथे करता येतं. इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ते ज्या गाडीतून काढलं तिची प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि इंधनाच्या वाफेचा डबा धरून, चालू स्थितीत बसवलेली हवी. मग स्मॉग रेफरीकडून (प्रदूषणाची अधिकृत तपासणी करणाऱ्याकडून) तपासून इंजिन बेमध्ये लेबल लावून घ्यायचं. याचा अर्थ तुमच्या हेडरच्या मापात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जागा सुरुवातीपासून धरावी लागेल, आणि मूळ गाडीत तो इंजिनाला जितका जवळ होता तितकाच जवळ. वाफेचा डबा, त्याच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह त्याच दात्या गाडीतून एकाच वेळी काढून घ्या; नंतर एकेक शोधताना इंजिनाइतके पैसे जातात.